सतरा तास

सुरक्षातपासणीतल्या बाईनं पिशवीत काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा अनिरुद्ध "वडील" एवढंच म्हणाला. तिनं मान खाली घातली आणि अस्थींची पिशवी हलकेच पुढं सरकवली.

पुणे ते नागपूर, विमानानं एक तास वीस मिनिटं. वडिलांना, भीमरावांना, हा आकडा कधी पटला नाही. त्यांच्या लेखी नागपूर एसटीनं सतरा तास लांब होतं, ते कायमचं. चौऱ्याहत्तर साली ते पुण्यात सरकारी कचेरीत कारकून होते. आई अत्यवस्थ असल्याची तार आली. ते नेसत्या कपड्यांनिशी निघाले आणि नागपुरात इंदोऱ्यातल्या घरी पोचले, तेव्हा सगळं आटोपलं होतं. बिबवेवाडीच्या घरात ही हकीकत अनिरुद्धनं लहानपणापासून ऐकली होती.

दोन हजार साली कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. त्याच कंपनीतली सोनाली आधीच तिकडं गेली होती. तो पोचला की लग्न करायचं, असं दोघांचं ठरलेलं. भीमराव रागावले नाहीत. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "विमानाला किती वेळ लागतो?"

"बावीस तास."

"माझे सतराच होते," ते म्हणाले आणि ताक वाढून घेतलं.

अनिरुद्ध गेला नाही. सोनालीनं वर्षभर वाट पाहिली आणि तिकडंच एकाशी लग्न केलं. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं परदेशी जाऊन साहेब झाली. तो मात्र नऊ वर्षं कंपनीच्या बसनं हिंजवडीला जात-येत राहिला. बापाशी कामापुरतं बोलायचा. पण शेवटच्या क्षणी तो उशाशी होता. बापाच्या वाट्याला आलेली खंत आपल्या वाट्याला आली नाही, एवढं एक समाधान त्याच्या पदरात होतं.

अस्थी नागपूरजवळच्या कन्हान नदीत सोडायच्या, ही भीमरावांचीच इच्छा. त्यांच्या थोरल्या बहिणीला, इंदुआत्याला, प्रवास झेपत नव्हता, म्हणून तो आधी तिच्याकडं गेला. तिनं पिशवीला हात जोडले. रडली नाही. भावाचं शेवटचं दुखणं तिनं निमूट ऐकून घेतलं.

तिला बरं वाटावं म्हणून अनिरुद्ध म्हणाला, "आजीच्या वेळी बाबांना वेळेत पोचता आलं नाही. त्यांनी ते जन्मभर मनाला लावून घेतलं."

"कुठून पोचता आलं नाही?"

त्यानं तार, एसटी, सगळं सांगितलं.

"तार कोणी केलीच नाही, बाबू. तो तं चार दिवसांपासून इथंच नागपुरात होता, बर्डीवर, लॉजमध्ये. खात्याची परीक्षा होती त्याची. घरून वीस मिनिटांचा रस्ता. मी सायकलरिक्षा करून दोनदा बोलवायले गेली. पेपर झाल्यावर येतो म्हणे."