पाचवा ठिपका

पंच्याऐंशी सालची गोष्ट. धाड गावच्या शेतातून मी हरभरा उपटून आणला होता. त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या जिवाणूंत मी उड्या मारणारं एक जनुक सोडलं होतं, स्वभावानं चुगलखोर. मुळाच्या रसानं जाग्या होणाऱ्या एखाद्या जनुकात ते जाऊन बसलं, की काचेच्या प्लेटीत वाढलेला त्या जिवाणूंचा पांढरा ठिपका निळा पडायचा. म्हणजे पडायला हवा होता. चिखलीच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं एकही पडला नाही. त्यासाठी पुण्याहून आणलेली रंगाची पूड संपली, आणि उरली शेवटची एक प्लेट. त्या सकाळी झाकण उचललं, तर आत पाच निळे ठिपके! मी ओरडलेच. मग नीट पाहिलं. निळा रंग मधल्या ठिपक्यांबाहेर ओघळला होता, आणि प्लेटी धुणाऱ्या पुंजाजीकाकांच्या करंगळीलाही तोच लागला होता. कपड्यांची नीळ! “काका, काऊन केलं असं?” काका खाली पाहत म्हणाले, “दोन सालापासून पाहून राह्यलो, सायराबाई. तुमी पांढरी प्लेट पाहता अन् जेवणाचा डबा तसाच वापस नेता. मले पाहवलं नाही.” त्यांच्यावर रागावताही येईना. मी प्लेट उकळत्या पाण्यात टाकायला निघाले, तसे ते आडवे आले. “थांबा बाई. मी चारच केले. तो काठावरचा मी आलो तवाच निळा होता. एकट्यानं काय होते, म्हून आणखी चाराले लावली.”