कोठार भरलेले आहे

"हे जेवायचं टेबल आहे की वीटभट्टी?" नवरा पुटपुटला आणि ताट ठेवायला जागा शोधू लागला.

ताईने मातीच्या पाट्यांचे फोटो इंचभर सरकवले. संग्रहालयासाठी जुनी लिपी वाचायचं तिचं काम. ते हल्ली घरीही सांडत असे.

धाकटी बहीण दोन पोरांना घेऊन दारातच उभी होती. "भाऊजी, सरकारी कोठार तुमच्या ताब्यात. एक काय ते सांगा. धान्य पुरणार असेल तर थांबते, नाहीतर पाचच्या गाडीने सीमेपलीकडे जाते. उद्यापासून रस्ते बंद म्हणे."

"सहा महिन्यांचा साठा आहे," नवरा ताटाकडे बघत म्हणाला. "उगाच पोरांचे हाल करू नकोस."

बहिणीने हुश्श करून बसकण मारली.

ताई पुन्हा फोटोंत शिरली. एका बुडत्या साम्राज्याच्या राजधानीतल्या कोठारवाल्याने रोज एक पाटी लिहायची. प्रत्येकीवर तारीख आणि खाली तेच: कोठार भरलेले आहे. नगर जळालं, त्या आगीत या कच्च्या पाट्या भाजून निघाल्या, म्हणून तर टिकल्या. जळालं ते अकरा तारखेला. जिंकणाऱ्यांनीच तसं दगडावर कोरून ठेवलं होतं.

बारा तारीख. कोठार भरलेले आहे.

ताईने चष्मा पुसला. तेरा. चौदा. थेट तिसापर्यंत.

"अगं बाई!" तिला हसूच फुटलं. "अहो, ऐकलंत का? नगराची राख झाल्यावरच्या तारखा! बेट्याने अख्ख्या महिन्याच्या पाट्या एका बैठकीत उरकून ठेवल्या होत्या. आत डोकावायचं नावच नाही!"

"कामचुकार मेला!" बहीणही खिदळली.

नवरा हसला नाही. घास हातातच राहिला होता.

"डोकावला असेल," तो म्हणाला. "एकदाच. त्यानंतरच बसला असेल लिहायला."

ताईचं हसू जागीच थिजलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बहीण एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागली. पोरं तेवढी खुर्चीवरून भांडत होती.

"अहो," ताईने हळूच विचारलं, "तुम्ही कुठल्या तारखेपर्यंत लिहून आलात?"

त्याने घास ताटात ठेवला. मेहुणीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"ऊठ, गाडी गाठ," तो म्हणाला. "आमच्या कोठारात आता उंदीरसुद्धा येत नाहीत."