कौतुकानंतरचं वाक्य

निवडणुकीचं तिकीट पक्षाचे नेते भाऊ यांच्या पुतण्याला मिळणार की साईनाथला, ते आजच्या सभेत कळणार होतं. मार्केट यार्डाजवळच्या मंडपात भाऊंनी साईनाथचं तोंड भरून कौतुक केलं. "या पोरानं पक्षासाठी रक्त आटवलं," म्हणाले. मग घोटभर पाणी प्यायले. "असो. पुढे जाऊ."

साईनाथ आईच्या कानाशी वाकला. "आई, ऐकलंस ना? तिकीट आपलंच."

"कौतुक तेवढं ऐकलंस, गाढवा. त्याच्या पुढचं ऐकू आलं नाही होय रे?" विजयमालाबाई म्हणाल्या.

"अगं, भाषणात तसं म्हणायची पद्धतच असते."

त्यांनी नुसतं मागं बोट दाखवलं.

सकाळपासून साईनाथला चिकटून बसलेली त्याची माणसं एकेक करून उठत होती आणि पुतण्याच्या पाठीशी जाऊन उभी राहत होती.