काळजी नसावी

मी वादळांचे अंदाज वर्तवायच्या नोकरीत असताना एका बंदरातल्या मच्छीमारांचं पत्र आलं होतं. “साहेब, तुम्ही आमच्या बंदराचं नाव घेतलंत की वादळ हमखास दुसरीकडे वळतं. दरवर्षी आमचंच नाव घेत चला.” शरमेने मी उत्तर दिलंच नाही. पत्र एका जाडजूड पुस्तकात दडवून ठेवलं.

माझ्या जागी आलेल्या बाईंचा अंदाज कधीच चुकत नाही. आज त्यांनी सांगितलं, चार दिवसांनी मोठं वादळ त्याच बंदरावर धडकणार.

“अहो, नुसते बसलात काय? आता तरी लिहा त्यांना!” बायको कडाडली.

 

तातडीच्या टपालाने उत्तर धाडलं: “वादळ तुमच्याच बंदरावर येणार. गणित मी स्वतः केलं आहे. काळजी नसावी.”