पडद्यावरचा भाऊ

मंजिरी ओवाळणीचं ताट घेऊन पुढे आली आणि कौस्तुभदादाच्या मनगटावरचा पट्टा पुन्हा केकाटला.

"मागे हो, मंजू! सकाळीच औषध टोचलंय. माझ्या अंगातून अजून दोन दिवस किरण निघत राहणार."

"भाऊबीज दोन दिवस थांबते होय रे?" ती फणकारली, पण उंबरठ्यापर्यंत मागे सरली.

तिथल्याच भिंतीवरच्या पडद्यावर, समोर खुर्चीत बसलेल्या दादाचं शरीर आतून दिसत होतं. ते औषध प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशी हुडकून त्यांना चिकटायचं, जागच्या जागी जाळायचं आणि चिकटलेली प्रत्येक जागा पडद्यावर उजळायची. गेल्या भाऊबीजेला कण्यावर, बरगड्यांवर, अगदी कपाळाच्या हाडातही ठिपके होते.

आज मंजिरीला आधी दिसला तो लखलखणारा जबडा. "दादा, इथेही पसरलाय?" तिनं जबड्याकडे बोट दाखवलं.

"अगं, त्या लाळेच्या ग्रंथी! औषध तिथेही रेंगाळतं. म्हणून तर तोंडाला कोरड पडते नि तुझी करंजी गिळवत नाही. तू कपाळ बघ."

कपाळ काळंभोर होतं. एकही ठिपका नव्हता.

मंजिरी ताट घेऊन पडद्यासमोर आली. मग म्हणाली, "भाऊ परगावी असला की चंद्राला ओवाळतात. तू तर समोर दिसतोयस."

तिनं बोटावर कुंकू घेतलं. खुर्चीत दादानं मान झुकवली, तशी पडद्यावरचीही झुकली.

यंदा दादाच्या कपाळावर एकच ठिपका होता, कुंकवाचा.