सात वाजताचा फोन

नदी दोन देशांतून वाहत होती आणि पाण्याचे आकडे एकमेकांना देण्याची बोलणी अकरा वर्षं अडली होती. तरीही वरच्या मोजणी केंद्रातले बाबा रोज सकाळी सात वाजता सरहद्दीपलीकडच्या जुन्या मित्राला फोनवर पाण्याची पातळी सांगत. कायद्यात न बसणाऱ्या त्या दोस्तीच्या भरवशावर खालची गावं पुराआधी हलत. अलीकडे फोन मित्राची मुलगीच उचलायची.

"बाबा बागेत आहेत, काका."

"त्या आळशाला म्हणावं, एकदा तरी स्वतः फोन उचल!"

मोजणी केंद्रातले बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीने पाण्याच्या पातळीची पट्टी वाचली आणि सातला फोन लावला. "बाबा अंघोळीला गेलेत. आकडा त्यांनीच दिलाय," ती म्हणाली. त्यांच्या शब्दावर हलणारी गावं आपल्या शब्दावर हलतील, याची तिला खात्री नव्हती. चार महिने ती रोज हेच सांगत राहिली. रडायचं राहूनच गेलं.

मग एकदाचा करार ठरला.

"सह्यांच्या समारंभाला काकांना घेऊन या हं," पलीकडची म्हणाली.

"बाबा नाहीत गं. चार महिने झाले. आकडे माझेच होते."





"माझे बाबा जाऊन दोन वर्षं झाली, ताई. कळलं तर काका फोन बंद करतील, असं वाटायचं... सांगा, आज पाणी किती?"