मंगळावरचा वारा

मांडवात गणपतीशिवाय कोणी नाही, हे नीट बघूनच भैय्याजी भरदुपारी आत शिरले.

मोहाडीच्या या मांडवात दरवर्षी देखावा असायचा तो भैय्याजींच्या कापसाच्या हिमालयाचा. यंदा मंडळानं तो मान नव्या धनीराम गुरुजींना दिला. गुरुजींनी मासिकातला फोटो समोर ठेवून मंगळाचा ध्रुव उभारला होता: खड्या मिठाचं बर्फ आणि त्याला लागून वाळूच्या टेकड्या. वाळू कसली, गेरूत रंगवलेला धानाचा कोंडा. हातानं थापलेल्या त्या टेकड्या गोवऱ्यांच्या ढिगासारख्या दिसत होत्या. तरी गाव लोटलं होतं. भैय्याजींची बायको, गिरजाबाई, दोनदा जाऊन आली. हिमालय बघायला ती कधी एकदाही धड थांबली नव्हती. भैय्याजींच्या जिवाची नुसती आग झाली.

त्यांनी मांडवातला उभा पंखा टेकड्यांकडे वळवला आणि बटण दाबलं. सगळा मंगळ उधळून जावा, एवढंच त्यांना हवं होतं. पण दुपारची वीज मंद होती. पंखा रडतरखडत फिरला. कोंडा थोडा उडाला, सरकला, पुन्हा बसला. तेवढ्यात बाहेर कोणी खाकरलं. भैय्याजी पंखा बंद करून मागच्या कनातीतून सटकले.

संध्याकाळी आरतीला आले तर गर्दी गप्प उभी. टेकड्यांवर बारीक लाटा उठल्या होत्या, एकीमागे एक, थेट बर्फाच्या कडेपर्यंत. गुरुजी फोटोकडे बघत होते, मग टेकड्यांकडे.

"हुबेहूब," ते म्हणाले. "पण हे मी नाही केलं."

"गुरुजी उगाच लाजून राहिले," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

गिरजाबाई नवऱ्याजवळ सरकली. "पाहा जी, याले म्हणतात हात. तुमाले जमलं असतं का असं?"

भैय्याजींनी तोंड उघडलं. आपण केलं म्हणावं, तर कशाला आलो होतो तेही सांगावं लागणार. 

मंडळात वयानं तेच मोठे. सत्काराचा हार त्यांच्याच हाती आला. गुरुजींच्या गळ्यात घालायला त्यांनी हात वर केले, तसा बाहीच्या दुमडीतून लाल कोंडा गुरुजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला.

गिरजाबाईनं कोंड्याकडे पाहिलं. मग अजून टेकड्यांकडेच वळलेल्या पंख्याकडे. मग नवऱ्याकडे.